तारखा बरोबर होत्या

"ए पत्रकवाल्या, तुजा आमदार गेला!"

रोडपालीहून पनवेलच्या बाजारात मासळी आणणारी एक बाई छापखान्याच्या दारात पाटी टेकवून एवढंच म्हणाली. मी छपाईचे खिळे जुळवत होतो. हिराजीतात्या गेले हे कळलं आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "माजी." माजी आमदार... अशी दुरुस्ती केली मी तिची! तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, पाटी डोक्यावर घेतली आणि ती चालू लागली. त्याला आता पाच आठवडे झाले.

मी पत्रकांवर वाढलो. बेचाळीसच्या चळवळीत वडील पत्रकं वाटायचे, उरलेल्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. अन्याय दिसला की लिहायचं, लिहिलं की छापायचं, आणि छापलेलं मागे घ्यायचं नाही, एवढाच धर्म मला ठाऊक होता. तात्या आमच्या भागाचे आमदार झाले तेव्हा मी त्यांचा जयजयकार केला होता. खाडीकाठचा भातशेती करणारा माणूस, खाऱ्या पाण्यात पाय मुरलेला... आता सभागृह हादरणार, असं मला वाटलं. तात्यांनी काही हादरवलं नाही. ते बोलायला उठतच नसत. आणि ज्या ज्या दिवशी खाडीकाठच्या बांधांचा प्रश्न चर्चेला आला, त्या त्या दिवशी ते गैरहजर होते. मी मुंबईला जाऊन कामकाजाचे छापील अहवाल चाळले. अशा तीन दिवशी तात्यांची जागा रिकामी होती. निवडणूक तोंडावर आली होती. मी त्या तिन्ही तारखा ठळक टाइपात छापल्या आणि वर लिहिलं, 'शेतकऱ्याचा प्रश्न निघाला तेव्हा शेतकऱ्याचा आमदार कुठे झोपला होता?'

पत्रक वाटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तात्या स्वतः छापखान्यात आले. धोतर स्वच्छ होतं, पण पायांच्या नखांत काळा चिखल होता, तो मी पाहिला आणि मला त्याचा अर्थ लागला नाही. त्यांनी पत्रक चष्मा लावून सावकाश वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं.

"तारखा बरोबर हायेत," म्हणाले. मी वाद घालायला कंबर कसून उभा होतो. "अजून काही सांगायचंय?" मी विचारलं. "नाय. कागद चांगला वापरलास," म्हणाले आणि गेले. त्याच संध्याकाळी एस.टी. स्टँडजवळच्या सभेत मी गरजलो, "आरोप आमदारांनी स्वतः कबूल केलाय!" टाळ्या पडल्या. आजही कानात वाजतात त्या. तात्या निवडणुकीत पडले.

त्यांच्या जागी आलेले नवे आमदार बोलके होते, एकही दिवस चुकवत नसत. पुढच्या भाद्रपदात, अमावास्येच्या उधाणाला रोडपालीचा बांध फुटला आणि खाडी उभ्या भातात शिरली. खारं पाणी एकदा शेतात बसलं की दोन-तीन वर्षं तिथं भात धरत नाही, म्हणून बांधाला पडलेली ती खांड लवकर बुजवणं हाच सगळ्या गावाचा जीव. नव्या आमदारांनी सभागृहात सुंदर भाषण केलं. सरकारी ओव्हरसियर मंजुरी आणि खांडीत ठोकायच्या लाकडी मेढी घेऊन आला तो पौर्णिमेला. पुन्हा उधाण. पाणी खांडीतून असं उसळत होतं की ठोकलेली मेढ हातातून जाई. सरकारला झोडपणारं पत्रक लिहायला मी वही घेऊन बांधावर उभा होतो. शेजारचा एक म्हातारा खाली बसून तंबाखू मळत होता.

"तात्या असते तर सायबाला अष्टमीला आनला असता," तो म्हणाला.

"अष्टमीलाच का?"

तो आणि त्याच्या आजूबाजूचे सगळे हसले. "शिकलेला हायस ना रं? अष्टमीला भांगाची भरती. पानी चढत नाय, वढत नाय. तवाच खांड बुजते. एक भांग चुकला, पंधरा दिस गेले. सायब लोक आपल्या सवडीनं येतात. तात्या जाऊन त्यांना बखोटीला धरून आनायचे. आनि मंग सोता चिखलात उतरायचे. बांधावर घरटी एक मानूस लागतो. त्यांच्या घरात दुसरा हाय कोन?"

मी छापखान्यात परत आलो, जुनं पंचांग काढलं आणि माझ्या तीन तारखा ताडून पाहिल्या. अष्टमी. नवमी. अष्टमी. सभागृहात बांधांवर चर्चा चालली होती तेव्हा आमचा आमदार बांधावर होता. मी पनवेलच्या बाजारपेठेत वाढलेला, खाडीपासून हाकेच्या अंतरावर, आणि मला तारीख कळत होती, तिथी कळत नव्हती.

पुढच्या अष्टमीला मी गेलो. ओव्हरसियर हजर होता. आमदार नसतानाही तात्यांनीच त्याला आणला होता. गुडघाभर चिखलात माणसांची रांग उभी होती, चिखलाचे गोळे आणि पेंढा हातोहात पुढे सरकत होता. रांगेत तात्या. मला पाहून म्हणाले, "ये. कुनाच्या घरचा म्हनून हुभा राहनार?" सगळे खिदळले. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. त्यांच्या हातून येणारा गोळा घ्यायचा, पुढे द्यायचा. ओहोटी संपेपर्यंत तेवढंच केलं. 'तात्या, माझं चुकलं' हे तीन शब्द प्रत्येक गोळ्याबरोबर ओठांवर येत होते आणि पुढच्या माणसाकडे जात होते...

तोंडानं नाही तर छापून माफी मागेन, असं मी ठरवलं. मजकूर लिहिला. सोबतचे कार्यकर्ते म्हणाले, आता विरोधकांच्या हाती कोलीत देऊ नकोस, पुढच्या निवडणुकीनंतर बघू. मी, मी ऐकलं! पत्रक काढायला मला एक दिवस पुरला होता. माफीला दोन वर्षं पुरली नाहीत. आता छापतोय. ज्यांना वाचून दाखवायची ते नाहीत.

काल रोडपालीला त्यांच्या घरी गेलो. तात्यांची बायको, राधाकाकी, ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मी विचारलं, "त्यांनी मला सांगितलं का नाही, काकी? एक शब्द बोलले असते तर..."

"सांगितलं असतं तर तू दुसरं पत्रक काढलं असतंस," त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "आमदार चिखलात उभा, म्हनून. त्यांना ते नको व्हतं. चिखलात तर समदेच उभे व्हते."

भिंतीवर खिळ्याला तात्यांचं यंदाचं पंचांग टांगलेलं होतं. त्याला कागदाचं कव्हर होतं. माझं पत्रक. छापील बाजू बाहेर, आणि तीन तारखांपुढे शिसपेन्सिलीनं, शाळकरी वळणाच्या अक्षरांत तिथ्या लिहिलेल्या. बाकी काही नाही. "हे काढून दुसरं कव्हर घालू का?" मी विचारलं.

"राहू दे. दर सालचं पंचांग त्यातच टिकलंय." मग त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "बांध पुन्हा खचलाय. आमच्या घरचा आता मानूस नाय. अष्टमी कवा हाय ते बघ आधी."

मी पंचांग खिळ्यावरून काढलं आणि पान उलटलं. अष्टमी परवा आहे.