मणक्याला चालेल अशी गाडी

तीस वर्षं मी शेळगावच्या शाळेत पोरांना हिमालय शिकवला. फळ्यावर डोंगररांगा काढल्या, खिंडींची नावं घोकून घेतली, 'बर्फाच्छादित' शुद्ध लिहिलं नाही म्हणून कितीजणांचे गुण कापले. आणि मी स्वतः महाबळेश्वरपेक्षा उंच कधी चढले नव्हते. त्यामुळं आम्ही दोघं निवृत्त झाल्यावर एका सकाळी ह्यांनी कन्हेरीच्या घरात जेवणाच्या टेबलावर भारताचा नकाशा पसरला आणि "बारामती ते स्पिती, आपल्या गाडीनं, येत्या जूनमध्ये," असं जाहीर केलं, तेव्हा मी तव्यावरची भाकरी विसरले. ती पार करपली. आम्ही दोघांनीही ती न कुरकुरता खाल्ली.

अडचण माझ्या पाठीची होती. दोन वर्षांपूर्वी मणक्यात गॅप निघाला होता आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिंडा-फिरा, पण दणके बसू देऊ नका. स्पितीच्या रस्त्याचे व्हिडिओ आम्ही रोज बघत होतो आणि त्यात रस्ता कमी, दगडच जास्त दिसत होते. ह्यांनी मग स्वच्छ सांगून टाकलं, "तुझ्या मणक्याला चालेल अशी गाडी मिळाली तर जाऊ. नाही मिळाली तर नाही. मी एकटा जाणार नाही." ऐकायला हे फार प्रेमाचं वाटतं, पण मला त्याचा रागच आला. गाडी नाही मिळाली तर माझ्यापायी दोघांचंही राहणार होतं. शिवाय ते एक वेळ दुसऱ्या वर्षी मित्रांबरोबर गेले असते. माझा हिमालय मात्र फळ्यावरच राहिला असता.

आमची जुनी लहान गाडी नव्याच्या आशेनं आम्ही आधीच पुतण्याला देऊन टाकली होती. आठवडाभरात कन्हेरीत सगळ्यांना खबर लागली आणि जो तो सल्ला द्यायला लागला. गाडी उंच पाहिजे, डिझेलच पाहिजे, चारी चाकं ओढणारी पाहिजे. ह्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्याच्या कडेकडेनं जीपमधून हिंडण्यात गेलेली, तेव्हा खराब रस्त्यांतलं आपल्याला जास्त कळतं ही त्यांची खात्री. त्यांनी वही घेतली, गाड्यांचे रकाने आखले आणि महिनाभर त्या वहीत डोकं घालून बसले.

ते रकाने माझ्या धाकट्या भावाला पटले नाहीत. तो कळंबला ऊस करतो, चार म्हशी सांभाळतो आणि सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतो. "दाजी, आक्काच्या मणक्याचा सवाल हाय," तो म्हणाला. "वहीत न्हाय कळायचं. गाड्या हितं आणा, किटली लावून बघू."

किटली लावणं ही आमच्या माहेरची जुनी रीत. दुधाची किटली पाण्यानं काठोकाठ भरायची, झाकण लावायचं नाही, ती गाडीत मागच्या सीटपुढं ठेवायची आणि कळंबहून आतल्या रस्त्यानं शेळगावपर्यंत जाऊन यायचं. पाणी जितकं कमी सांडेल तितकी गाडी चांगली. वडलांनी दुधाची गाडी अशीच निवडली होती. त्यातून कारखान्याचा हंगाम चालू होता आणि उसाच्या ट्रॉल्यांनी त्या रस्त्याची पार चाळण केली होती.

मला मागच्या सीटवर कंबरेला पट्टा बांधून आणि पाठीला दोन उशा लावून बसवण्यात आलं. आमच्याकडं आजारी माणसाची, बाळंतिणीची, म्हाताऱ्यांची जागा मागंच असते. मी आणि किटली अशा दोन वस्तू शेजारी-शेजारी ठेवून भाऊ गाडी चालवायचा आणि हे पुढच्या सीटवरून मान वळवून विचारायचे, "कसं वाटतंय?" पहिली ह्यांच्या मित्राची जीप. तिच्यात निम्मी किटली माझ्या साडीवर आली. दुसरी माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या एका बाईंची, अंगानं लहान पण जमिनीपासून बऱ्यापैकी उंच. तिच्यात चार बोटं पाणी कमी झालं. तिसरी भावाच्या ओळखीतली भलीमोठी, खोलीएवढी गाडी. तिच्यात जेमतेम दोन बोटं. भाऊ खाली उतरून म्हणाला, "दाजी, डोळं झाकून घ्या. हिला तोड न्हाय." मलाही काही दुखलं नव्हतं. त्या दिवशी मी माहेरी पुरणपोळी केली.

पुढच्या रविवारी तीच मोठी गाडी मागून घेऊन आम्ही दोघं इंदापूरच्या पुढं उजनीच्या पाण्यावरचे पक्षी बघायला निघालो. चालवायला हे आणि मी उशांसकट मागं. पाण्याकडं उतरणाऱ्या कच्च्या रस्त्यावर फुफाटा होता आणि त्या फुफाट्याखाली खड्डा होता. तो ह्यांना दिसला नाही. मी सीटवरून वर उडाले, खाली आपटले आणि ओरडले. एवढंच मला आठवतं. पक्षी न बघता आम्ही परत आलो आणि पुढचे आठ दिवस मी अंथरुणावर काढले.

भाऊ बघायला आला तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. "आक्का, चूक माझी हाय," तो म्हणाला. "त्या रस्त्याला मी शाळंपासनं जातोय. खड्डा कुठं हाय ते माझ्या हाताला ठावं. गाडी पास न्हाय झाली, मीच पास झालो." आम्ही तिघंही जाणती माणसं, पण रोजच्या पायाखालच्या रस्त्यावर अनोळखी प्रवासाची परीक्षा घेत होतो. ह्यांनी नकाशा घडी करून कपाटात ठेवला. मी भिंतीकडं तोंड करून रडले. दुखण्यापेक्षा मला त्या घडीचं वाईट वाटलं होतं.

महिनाभरानं पाठ जागेवर आली. त्याच सुमारास ह्यांना डोळे तपासायला इंदापूरला जायचं होतं. घरी एकटी बसून कंटाळले होते म्हणून मीही निघाले. बाईंची ती लहान गाडी आम्ही मागून आणली होती. जाताना सगळा डांबरी रस्ता, त्यामुळं काही त्रास झाला नाही. दवाखान्यात ह्यांच्या डोळ्यांत थेंब घातले आणि बजावलं, चार-पाच तास सगळं धूसर दिसेल, गाडी चालवायची नाही. ह्यांनी भावाला फोन लावला. त्याच्या रानात ऊसतोड चालू होती, ट्रॉली भरत होती, अंधार पडेपर्यंत त्याला निघता येणार नव्हतं.

"मी चालवते," मी म्हणाले.

"तुझा मणका?"

"मणका मागं बसूनही मोडतोच आहे."

मी कित्येक वर्षं कन्हेरीहून शेळगावला गाडी चालवत शाळेला जात होते. पाठ धरल्यापासून स्टिअरिंगला हात लावला नव्हता. मला कुणी मनाई केली नव्हती, डॉक्टरांनीसुद्धा नाही. पण नवरा गाडीत असताना बायकोनं चालवायचं आमच्याकडं कुणाच्या मनात येत नाही, आणि दुखणाईत बाईनं चालवायचं तर नाहीच नाही. लोकांचं सोडा, ते माझ्याही मनात आलं नव्हतं. त्याचा राग मला अजून येतो.

वाटेत रस्त्याचं काम निघालं होतं, म्हणून मोठा रस्ता बंद करून सगळी वाहतूक उसातून वळवली होती. मी त्या बाजूनं पूर्वी कधी गेले नव्हते. सात-आठ किलोमीटर नुसते खड्डे. हे शेजारी, डोळे मिटून, दाराचा दांडा धरून बसलेले. मला मात्र खड्डा समोरून येताना दिसत होता. मी आधीच वेग कमी करत होते, हात घट्ट होत होते, पाठ आपोआप तयारीत राहत होती. दणका बसत होता, पण तो मला न विचारता बसत नव्हता. कन्हेरीत पोचले आणि कळ यायची वाट बघत ओट्याशी उभी राहिले. कळ आली नाही. रात्री आली नाही, सकाळीही आली नाही.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना मी ह्यांना सांगितलं, "मला चालवू द्या, मग मी स्पितीला येते."

दोन दिवस ते वही उघडून रकाने पुन्हा तपासत बसले. मला ते समजत होतं. खिंडीतून गाडी घालणारे ते स्वतः, हेच चित्र त्यांनी नोकरीभर मनात धरलं असणार, आणि मी तीच जागा मागत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, तासातासानं उतरून चालत असतील तर हरकत नाही, पण मागच्या चाकांवरच्या सीटवर त्यांना बसवायला सांगितलं कुणी? फोन ठेवून हे म्हणाले, "चल, उजनीला." तोच कच्चा रस्ता, तोच फुफाटा, गाडी मात्र बाईंची. मी चालवलं, ते शेजारी बसून समोर बघत राहिले. त्या दिवशी पक्षी बघून झाले, बरोबर नेलेली चटणी-भाकरीही खाऊन झाली आणि येताना मी गाणं म्हणत होते.

आता वहीतले रकाने निकालात निघाले. मोठ्या गाडीत चालकाच्या जागी बसून बघितलं तर मला बॉनेटपुढचं काही दिसत नव्हतं, म्हणून ती बाद झाली. बाईंच्या गाडीसारखीच गाडी घ्यायची ठरली आणि आम्ही बारामतीत ती बघायला गेलो. विक्रेता उत्साही होता. चाकं कशी खडकावर चढतात, पोटाला दगड कसा लागत नाही, सगळं तो ह्यांच्याकडं बघून सांगत होता. मी पर्स सांभाळत उभी होते. सांगून झाल्यावर त्यानं चालकाचं दार उघडलं आणि अदबीनं म्हणाला, "या सर, बसून बघा."

हे जागचे हलले नाहीत. स्टिअरिंगकडं त्यांनी एकदा बघितलं, ते मला दिसलं. मग म्हणाले, "चालवणार ह्या आहेत. त्यांना बसू द्या." आणि गाडीला वळसा घालून ते पलीकडच्या दारानं शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

चौतीस वर्षांच्या संसारात परक्या माणसासमोर माझे डोळे कधी भरून आले नव्हते, ते तेव्हा आले. मी आत बसले, सीट पुढं घेतली आणि क्लच दाबून बघितला. पाय पुरत होता.