बाटलीतले दवबिंदू

रविवारी सकाळी माझ्या कुकरच्या लागोपाठ शिट्ट्या ऐकून शेजारच्या सुमनताई दारात आल्या. "पाहुणे आलेत वाटतं?"

कुकरमध्ये नुसत्या काचेच्या बाटल्या निर्जंतुक होत होत्या, हे सांगताना मी थोडा ओशाळलो. मग त्यांना खिडकीतल्या भरलेल्या बाटल्या दाखवल्या. दवबिंदू ही किडे खाणारी वनस्पती. निवृत्त झाल्यापासून मी तिच्या पानाचा तुकडा बाटलीतल्या जेलीवर ठेवतो, बाटली घट्ट बंद करतो आणि काही महिन्यांत आत इवली रोपं उगवतात.

"पण आत माशी कुठून येणार?"

"येत नाही. जेलीतल्या साखरेवरच वाढतात. माशी कधी पाहिलेलीच नाही त्यांनी."

सुमनताईंनी चष्मा कपाळावर सरकवून जवळून पाहिलं. नखाएवढ्या पानांवर माशी पकडायचे चिकट थेंब चमकत होते.

"तरी बघा, कशी नटून वाट बघतायत," त्या म्हणाल्या.

रोज पाहूनही मला ते दिसलं नव्हतं. पोट भरलेलं असलं तरी कुणीतरी येऊन टेकावं, असं वाटतंच की.

"बसा, चहा टाकतो," मी म्हणालो. पण त्यांचं दूध गॅसवर होतं. त्या गेल्या. दार मात्र मी बराच वेळ लावलं नाही.