येळवशीच्या पंगतीतलं चौदावं कार्ड

पंगतीत कोण कुठं बसणार याची कार्डं करायचं खूळ माझंच. मागच्या वर्षी येळवशीच्या, वेळ अमावस्येच्या, दिवशी शेतात जेवताना आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, उन्हात बसल्या. तो राग त्यांनी असा जपला, की पुढच्या उन्हाळ्यात लातूर जे तापलं त्यातलं निम्मं ऊन त्यांचंच होतं. म्हणून यंदा प्रत्येक पत्रावळीपुढं कार्ड. घरात फ्रिजवर जुन्या लग्नपत्रिका पडल्याच होत्या. सात घेतल्या, कोरी बाजू वर करून थप्पी लावली आणि एका दमात मधोमध कापली. झाली चौदा. मधे घडी घालून तंबूसारखी उभी केली. वर नाती लिहिली. थोरांची नावं सुनेनं कशी लिहायची?

"आमच्या दोस्ताचंबी कर," मामंजी म्हणाले. "अहमदपूरहून येतंय ते. चाळीस वर्षांत एक येळवस चुकवली न्हाई त्यानं."

ते दोस्त वारले होते.

मामंजींच्या हृदयात स्प्रिंग टाकली त्याच आठवड्यात. डॉक्टर म्हणाले होते, धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. दीड महिना आम्ही घातलं नव्हतं. मी सांगितलं होतं, दोस्तांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, दोन्ही डोळ्यांना पट्टी आहे, फोन घेता येत नाही. आमच्या यजमानांना खोटं बोलायचा सराव नाही. त्यांनी त्याच दिवशी सांगून टाकलं, ते काशीला गेलेत.

"डोळ्याला पट्टी बांधून काशी करायलंय व्हय?" मामंजींनी विचारलं होतं. आम्ही दोघं मोठमोठ्यानं हसलो आणि मग मी मोरीत जाऊन घाम पुसला.

मुकाट्यानं लिहिलं, 'अहमदपूरवाले'.

शेतात कडब्याची कोप उभी होती, आत चुना लावलेले पाच दगड, तेच पाच पांडव. पूजा झाली, आंबील शिंपून झालं. मी हरभऱ्याच्या कडेनं पत्रावळ्या मांडल्या आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून कार्डांच्या आत एकेक बोर ठेवायला लागले. शेवटच्या कार्डात बोर ठेवताना काळी अक्षरं दिसली. लग्नपत्रिका काळ्या शाईत कोण छापतं? वाकून वाचलं : 'तेरवीच्या कार्यक्रमास उपस्थित राहावे.' खाली गाव अहमदपूर.

यजमानांना कोपीमागं ओढलं. "तेरवीची पत्रिका कुठं ठेवली होती?"

"लपवली की. फ्रिजवर, लग्नपत्रिकांत. तिथं कोण बघतंय?"

खालचा अर्धा भाग माझ्या मुठीत. वरचा, नावाचा, उरलेल्या तेरांपैकी कुठल्या तरी पत्रावळीपुढं उभा! काळीज असं धडधडायला लागलं, की शेजारच्या शेतकऱ्याला वाटलं लाइट आली, मोटार सुरू झाली. तो विहिरीकडं बघायला गेला. खोटं वाटत असेल तर विचारा त्याला.

मी ओणवी होऊन एकेक कार्ड उघडून बघायला लागले.

"अगं, बोरं मोजायलीस का काय? वाढ की!" आत्याबाई.

"सरळ करते हो. तुमच्यापुढं वाकडं कार्ड शोभतं का?"

"शोभा ऱ्हाऊ दे. सावली हाय का बघ."

एकेक करत बारा झाली, सगळी लाल-पिवळी, गणपतीची, अक्षतांची. राहिलं एकच. मामंजी त्याच्यामागं मांडी घालून बसले होते.

"मामंजी, तुमचं कार्ड मळलंय, बदलून देते."

"ऱ्हाऊ दे. बोर चांगलं दिसायलंय आतलं."

त्यांनी बोर उचलून तोंडात टाकलं. वजन गेलं तसं वाऱ्यानं कार्ड उपडं पाडलं. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. मी नांदेडपासून तुळजापूरपर्यंतच्या सगळ्या देवांना नवस बोलले. त्यांनी खिशातून चष्मा काढला.

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलंच नाही. छातीकडं बघत होते. त्यांचा हात उठला आणि डाव्या बाजूला गेला. माझ्या हातातला तांब्या माझ्याच पायावर रिकामा झाला. यजमानांनी गाडीची चावी काढली. आत्याबाईंची तक्रार अर्ध्यातच थांबली, आणि हे मी त्यांच्या सगळ्या आयुष्यात एकदाच पाहिलं.

हात खिशात गेला. चष्मा ठेवला.

"कधी?"

"तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा," यजमान म्हणाले.

मामंजी बोराची बी तोंडात घोळवत राहिले. कोपीचा कडबा सळसळत होता. मी त्यांचे श्वास मोजत होते. एक जरा लांबला तर माझाच अडकायचा.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "काशीला आमी दोघं जाणार होतो. मला सोडून जातंय व्हय ते?"

त्यांनी बी बाहेर टाकली आणि अहमदपूरवाल्यांच्या पत्रावळीकडं बोट दाखवलं.

"वाढ. त्याच्याबी पानात वाढ. हरभऱ्या-वाटाण्याची भज्जी जास्ती वाढ, लई आवडायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी अहमदपूरला निघालो. गाडी मी चालवत होते, मामंजी शेजारी. त्यांनी ते कार्ड शर्टाच्या डाव्या खिशात, बरोबर स्प्रिंगवर ठेवलं होतं, आणि एक टोक वर डोकावत होतं. ते टोक हलतंय का, हे मी दर शंभर पावलांवर बघत होते. हललं की जीव भांड्यात. नाही हललं की पुन्हा बघायचं.

"माझ्या खिशाकडं काय बघायलीस?" मामंजी म्हणाले. "रस्त्याकडं बघ. न्हाई तर आजच घडंल काशी."