बारशाचा वरवंटा

शारजाच्या आमच्या फ्लॅटमध्ये कपडे वाळत घालायला जागा नव्हती, कारण बाल्कनीत दगड होते. नवरा दर शुक्रवारी वाळवंटात जायचा आणि डिकी भरून आणायचा. दगड ओला करायचा, उन्हात तिरका धरायचा, त्यावरून बोट फिरवत बसायचा. आपोआप फुटलेला कुठला आणि माणसानं घडवलेला कुठला, हे त्याला ओळखायचं असे. माझं ओरडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

त्यातच मुलगी झाली, दिवस भरायच्या आधीच. डॉक्टर म्हणाले, "पायांचं आत्ताच काही सांगता येणार नाही. वाट बघा." वाट बघणं मला जन्मात जमलेलं नाही. मी दिवसभर तिच्या तळव्यांना गुदगुल्या करायची. पाय हलला तरी समाधान नाही, पुन्हा करून बघायची.

बारशाला वरवंटा हवा. साताऱ्याहून सासूबाई फोनवर ठाम होत्या. "पायाशी वरवंटा ठेवल्याशिवाय पोर दणकट कशी व्हायची?" इथे सगळ्यांकडे मिक्सर. शेवटी नवऱ्यानं बाल्कनीतला एक लांबट दगड धुऊन आणला. त्याला तेल-कुंकू लावलं, कुंची घातली आणि बायकांनी तो पाळण्याखालून या हातातून त्या हातात दिला. पंजाबी शेजारीण हसून म्हणाली, "भाभी, इसका भी नाम रखना है क्या?" मी हसले नाही. तेव्हापासून दगड मुलीच्या पायाशीच राहिला. नवऱ्यालाही मी त्याला हात लावू देत नसे.

पुढे नवऱ्याच्या ओळखीची एक गोरी बाई चहाला आली. ती वाळवंटात उत्खनन करायची. पाळण्यात डोकावून तिनं मुलीकडे नाही, दगडाकडेच बघितलं. मला रागच आला. ती दगड खिडकीपाशी घेऊन गेली. एक बाजू घासून सपाट झालेली, दोन्ही टोकांना ठेचल्याच्या खुणा.

"यानं कुणीतरी वर्षानुवर्षं धान्य वाटलंय, हजारो वर्षांपूर्वी," ती इंग्रजीत म्हणाली. "हा म्युझियममध्ये हवा."

"म्हणजे वरवंटाच की!" मी नवऱ्याला म्हटलं. "सांग तिला, त्याचं काम अजून चालू आहे. पोरगी चालायला लागली की देईन."

त्यानं सगळं समजावलं. तिनं मुलीच्या पायांकडे बघितलं. "इन्शाल्ला," म्हणाली आणि दगड स्वतःच्या हातानं पाळण्यात ठेवला.

वर्ष सरलं. पाळणा सुटला, दगड गादीच्या पायथ्याशी आला. शेजारची पोरं धावायला लागली, आमची बसूनच. नवरा शुक्रवारी घरीच थांबू लागला. बाल्कनीतले दगड त्यानं एकेक करून हलवले, कपडे वाळत घालायला जागा झाली, आणि मला तेही बघवेना.

मग एका संध्याकाळी ती सोफ्याला धरून उभी राहिली, सोफा सोडला आणि माझ्याकडे चालत आली. पडली, उठली, पुन्हा आली. मी नवऱ्याला फोन लावला. तो दुबईहून निघून रोजच्या जाममध्ये अडकला होता.

"त्या बाईंना फोन कर," मी म्हटलं. "दगड द्यायचाय."

हॉर्नच्या गोंगाटात तो पलीकडून ओरडला, "किती पावलं टाकली?"