ग्रीकांचे गुरू आणि माझे सर

जबलपूर स्टेशनात गाडी शिरली तरी मी भाषणाचे कागदच चाळत होते. संध्याकाळी जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या मराठी मंडळात माझं व्याख्यान होतं आणि अध्यक्ष होते देवस्थळी सर, मला तत्त्वज्ञान शिकवणारे. ग्रीक सैन्याबरोबर भारतात आलेला एक तत्त्ववेत्ता ‘कशाबद्दलच ठाम मत धरू नये’ हा विचार इथल्या साधूंकडून, बौद्ध भिक्षूंकडून घेऊन गेला, असं सर आयुष्यभर शिकवत आले. माझा अभ्यास वेगळं सांगत होता. साम्य मोठं आहे, पण कुणी कुणाकडून काय घेतलं याला पक्का पुरावा नाही. सरांसमोर हे बोलायचं कसं?

न्यायला त्यांच्या सूनबाई, मेधावहिनी आल्या होत्या. “काहून एवढी सुकून गेली? चलो, आधी खा!” विजय नगरच्या घरी त्यांनी खोये की जलेबी (खव्याची काळपट जिलेबी) पुढे केली. मी एकच तुकडा उचलला. सर मात्र खुशीत होते. “आधी भेडाघाट पाहू!”

नाव संगमरवरी कड्यांमधून निघाली. दोन्हीकडे पांढरे, मध्येच निळसर कडे, खाली संथ, हिरवी नर्मदा. नावाडी यमकं जुळवत एकेक कडा दाखवत होता. सांगायचं तर आत्ताच, म्हणून मी सरांच्या कानाशी वाकले.

“सर, पुरावा पुरत नाही.”

“काय?” त्यांना कमी ऐकू येतं.

“ते आपल्याकडूनच शिकले, हे सिद्ध होत नाही!” मी ओरडले. नेमका तेव्हाच नावाडी बोलायचा थांबला होता. कड्यांवरून माझाच आवाज परत आला. सगळी नाव वळून बघू लागली. घरी पोचताच सर थेट पुस्तकांच्या कपाटाकडे गेले.

संध्याकाळी मंडळात मी सगळं मांडलं. शेवटी सर उठले.

“हिचं म्हणणं मला आवडून नाही राहिलं. सकाळपासून उत्तर शोधून राहिलो. सापडलं नाही. सापडेपर्यंत हिचं खरं धरा.”

टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी स्टेशनावर वहिनी हळूच म्हणाल्या, “बाबा काल जेवले नाही.” माझा जीव कासावीस झाला. त्यांच्या म्हातारपणाचा आधार मी काढून घेतला होता का?

इटारसीच्या अलीकडे फोन वाजला.

“पुरावा ग्रीकमध्ये शोधला. पालीत शोधला का?”

“पाली येत नाही, सर.”

“अच्छा! मग अर्धंच पाहून बोलली तू. सुट्टीत ये, शिकवतो.”

मी ‘येते’ म्हणेपर्यंत फोन कटला होता. मी घाईघाईनं परत लावला.