अक्कांचं चुगलखोर घड्याळ

खुर्ची पुढे केली की अक्का तिच्या पाठीवर हात ठेवायच्या आणि उभ्याच राहायच्या. "बशीसन काय व्हई?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बसून काय होणार! मीटिंग असो, कुणाच्या मुलीचं केळवण असो, मुख्याध्यापिकांची केबिन असो, अक्का दाराजवळ उभ्या आणि एक पाय बाहेर निघालेला. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. आपण त्यांच्याशी बोलत असतो आणि ती मनाने पुढच्या कामाला लागलेली असतात.

धुळ्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या, मी मराठीची. आमच्या स्वभावांत जमीन-अस्मानाचा फरक. मला दुपारच्या डब्यानंतर दहा मिनिटं टेकायला लागायचं. मी टेकले की अक्का यायच्या आणि टेबलावर बोटांनी ताल धरायच्या. "ऊठ गं, ग्राउंडवर चल. तुझ्या कविता काही पळून जात नाहीत." त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. देवपुरात दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. धरणगावजवळच्या खेड्यात भाऊ-भावजय होते, थोडी कपाशी होती. सुट्टी लागली की अक्का तिकडे जायच्या आणि सुट्टी संपायच्या आत परत यायच्या.

निवृत्तीला काही महिने उरले तेव्हा स्टाफरूममध्ये निरोप समारंभाची कुजबूज सुरू झाली. अक्कांना ती कळलीच. त्या थेट म्हणाल्या, "शाल-नारळ मला नको. काही द्यायचंच असेल तर आत्ता द्या. एप्रिलची वाट कोण पाहणार? ते मनगटावरचं नवं घड्याळ द्या. चाललेलं मोजतं म्हणे." स्वतःच्या निरोपाची भेट सहा महिने आधी मागून घेणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. सगळे हसले, आणि घड्याळ पसंत करायला अक्कांसोबत जायचं काम माझ्याकडे आलं.

ते काम एका संध्याकाळचं असेल असं मला वाटलं होतं. आग्रा रोडवर आम्ही चार-पाच वेळा तरी गेलो. पहिल्या दुकानात मोठ्या चौकोनी तबकडीचं घड्याळ काढलं. अक्कांनी ते मनगटावर ठेवून पाहिलं. "हे घड्याळ आहे की पाटी?" दुसऱ्याला रोज चार्जिंग लागत होतं. "म्हणजे याला रोज जेवू घालायचं? मी स्वतःचा स्वयंपाक कसाबसा करते." एकावरून फोनवर बोलता येत होतं. दुकानदाराने हौसेने दाखवलं, तर म्हणाल्या, "मनगटाशी बोलत रस्त्याने गेले तर मुली म्हणतील, मॅडमना झालं काहीतरी."

एकदा तर त्या हातात घड्याळ घालून तडक दुकानाबाहेर गेल्या. दुकानदार मागे धावला. "मॅडम! अहो मॅडम!" अक्का रस्त्याच्या मधोमध, रिक्षांच्या हॉर्नमध्ये, मनगट डोळ्यांपुढे धरून उभ्या. "उन्हात आकडे दिसतात का ते बघायला नको? तुमच्या एसीत बसून मला कबड्डी घ्यायची नाही." आकडे दिसत नव्हते. घड्याळ परत गेलं. दुसऱ्या एका दुकानात त्यांनी उभ्या जागी टाळ्या वाजवल्या आणि पावलांचा आकडा वाढलेला मला दाखवला. "बघ. तू आता वर्गात फळा पुसलास तरी तुझं चालणं झालं."

मला हे सगळं गमतीचं वाटत होतं. पण कंटाळाही येऊ लागला होता. हवं तरी काय होतं त्यांना? पट्टा घामाने चिकटू नये, उन्हात दिसावं, आठवडाभर चार्जिंगला लागू नये, धुणं धुताना काढावं लागू नये. एवढं जमलं तरी त्या पुढच्या दुकानाकडे बघायच्या. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. दुकानदार घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा दाखवायला लागला की अक्का विषय बदलायच्या. तो दिवा नाडी मोजतो.

दसऱ्याच्या आधी आम्ही एका वयस्क मारवाडी शेठच्या दुकानात गेलो. आधी भिंतीवरच्या घड्याळांचं दुकान होतं, आता अर्धा काउंटर या नव्या घड्याळांनी भरलेला. शेठना घाई नव्हती. त्यांनी साध्या गोल तबकडीचं, कापडी पट्ट्याचं एक घड्याळ काढलं आणि अक्का काही म्हणायच्या आत मनगटावर बांधलं. "मॅडम, नाडी पण दाखवतं."

आकडा आला. मग वाढला. मग वाढतच राहिला. अक्का काउंटरशी स्तब्ध उभ्या होत्या, हातसुद्धा हलत नव्हता.

"चालून आलात म्हणून असेल," शेठ म्हणाले. त्यांनी पाणी मागवलं. आम्ही थांबलो. आकडा खाली यायचा, लगेच उसळी मारून वर जायचा.

"खराब आहे," अक्का म्हणाल्या. "दुसरं काढा."

दुसऱ्या कंपनीचं काढलं. तेच. तिसरं काढलं. तेच. मग शेठनी ते तिसरं घड्याळ स्वतःच्या मनगटावर चढवलं. आकडा शांत होता. त्यांनी माझ्याही हातावर बांधून पाहिलं. माझाही शांत. शेठनी तिन्ही घड्याळं काचेवर ओळीने ठेवली आणि चष्मा काढला.

"मॅडम, घड्याळ नंतर घ्या. आधी डॉक्टरकडे जाऊन या. माझं दुकान कुठे पळून चाललंय?"

अक्का ताडकन बाहेर पडल्या. मी मागे. "शेठचा माल बठ्ठा खोटा शे, सगळा खोटा," त्या रागाने म्हणाल्या. रागावल्या किंवा घाबरल्या की त्यांची घरची बोली बाहेर यायची, आणि त्या दिवशी मला दोन्हीतला फरक कळला. उसाच्या रसाच्या गाडीपाशी त्या थांबल्या. तिथल्या लोखंडी खांबाला त्यांनी हात लावला होता.

"अक्का, कधीपासून होतंय?"

"उन्हाळ्यापासून. छातीत कबुतर कोंडल्यासारखं फडफडतं. मग आपोआप थांबतं."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की बसवतील ना मला." हे त्या इतक्या हळू बोलल्या की मला पुन्हा विचारावंसं वाटलं. "विभागाच्या स्पर्धा आहेत. मुली पहिल्यांदा एवढ्या पुढे आल्या आहेत. आणि मला कुणी खुर्चीवर नेऊन बसवलं तर?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. घड्याळ तर त्यांनी स्वतःच मागितलं होतं. मला आजही वाटतं की माणसाला तोंडाने सांगायचं धाडस त्यांना होत नव्हतं, म्हणून त्या यंत्र शोधत होत्या, आणि प्रत्येक यंत्राला टाळतही होत्या. तेव्हा मात्र मी एवढंच केलं की रिक्षा थांबवली. अक्का आत बसल्या, पण सीटच्या अगदी कडेवर.

डॉक्टरांनी ईसीजीचा आलेख काढला. हृदयाची लय बिघडली होती, ठोके विस्कळीत पडत होते. अशाने रक्ताची गुठळी होऊ शकते, ती डोक्यात जाऊ शकते, असं त्यांनी सावकाश समजावलं. गोळ्या कायमच्या. धावपळ बंद. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उभं राहिलं तर चालेल ना?"

"उभ्या राहा. पळायचं नाही."

"झालं तर मग," म्हणून त्या उठल्या. जाता जाता मला म्हणाल्या, "चल, शेठकडे." दुकान बंद व्हायच्या बेतात होतं. काउंटरवर दोन्ही हात टेकून अक्का म्हणाल्या, "ज्यानं पहिल्यांदा चुगली केली, तेच द्या." शेठ हसले. मी मात्र तोंड फिरवलं, डोळे भरून आले होते.

त्या दिवसापासून ते घड्याळ 'चुगलखोर' झालं. ग्राउंडवर त्या जरा झपाझप चालल्या की ते वाजायचं, थरथरायचं. मग अक्का त्याला दटावायच्या. "गप ऱ्हाय! मी चालतेय फक्त." मुलींना प्रकरण कळलं होतं. त्यांनी आपापसात ठरवून टाकलं की चुगलखोर वाजलं की जवळ असेल तिने मॅडमचा दंड धरायचा. अक्का हात झटकायच्या, मुली पुन्हा धरायच्या. गोळ्यांनी आराम पडला. तरी दुपारी जिन्यात त्या मध्येच थांबायच्या आणि मी पाहतेय असं दिसलं की भिंतीवरचा सुविचार वाचू लागायच्या. तो सुविचार त्यांना एव्हाना पाठ झाला असेल.

विभागाच्या खो-खोच्या स्पर्धा जळगावला होत्या. मुख्याध्यापिकांनी अक्कांना पाठवायला आधी नकार दिला. मग मला बोलावून म्हणाल्या, "तुम्ही सोबत जा. मुली सांभाळायला नको, अक्कांना सांभाळा." खो-खोतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मैदानाच्या कडेला मी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी राहिले, शेजारी अक्का. सामना चुरशीचा चालला होता. चुगलखोर एकसारखं थरथरत होतं. अक्कांनी ते सोडलं आणि माझ्या तळव्यात ठेवलं.

"धर. हे घाबरलंय."

मी काही बोलायच्या आत मैदानातून किंकाळी आली. आमची एक मुलगी खांबावर आदळून खाली पडली होती, कपाळ फुटलं होतं. आणि अक्का धावल्या.

त्या तरुणपणी जिल्ह्याच्या संघात होत्या हे मी ऐकून होते. त्यांना धावताना मी त्या दिवशी पाहिलं. पुढे झुकलेल्या, हात अंगाशी, पाय जमिनीला लागतात न लागतात असे. पंच आणि स्वयंसेवक जागचे हलायच्या आत त्या मुलीजवळ पोचल्या होत्या. ओढणीने जखम दाबली, तिचं डोकं मांडीवर घेतलं, नाव विचारलं, शाळेचं नाव विचारलं. मुलगी नीट बोलते आहे हे पाहिल्यावर तिला डॉक्टरांच्या हवाली केलं आणि मग त्या गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या. वर येईनात.

मी कशी धावले ते मला आठवत नाही. त्यांना धरून कडेला आणलं. ओठ पांढरे पडले होते. थोड्या वेळाने श्वास जागेवर आला तशा त्या डोळे मिचकावून म्हणाल्या, "पाहिलंस? पळता येतं अजून."

मी त्यांच्यावर ओरडले. सगळ्या मुलींच्या देखत, तोंडाला येईल ते बोलले. एवढी हौस असेल तर मरा म्हणाले. मग अक्का मातीत मांडी घालून बसल्या आणि मला हात धरून शेजारी बसवलं.

"मरणाचं काही नाही गं," त्या म्हणाल्या. "एप्रिलनंतर सकाळी उठून मी कुठे जाऊ, ते सांग. तेवढं तुला येतं का सांगता?"

आम्ही तो सामना हरलो. परतीच्या बसमध्ये कपाळाला पट्टी बांधलेली मुलगी अक्कांच्या खांद्यावर झोपली होती, आणि तिची झोप मोडू नये म्हणून धुळे येईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

एप्रिल आला. अक्कांनी देवपुरातल्या खोल्या सोडल्या आणि त्या भावाकडे गावी गेल्या. फोन यायचे. बोलणं कधी पुरं व्हायचं नाही. "काय करताय अक्का?" "करीन काय? पोरी जमवल्यात गावच्या. मोबाइल बघत बसायच्या दिवसभर. चल, ठेवते, आल्या." पुढच्या फोनला पोरी वाढलेल्या असायच्या. कुणाची आई आधी पाठवत नव्हती आणि आता स्वतःच सोडायला येते, कुणाला धावताना दम लागतो, कुणी गडी टिपायला सूर उत्तम मारते. तब्येतीचं विचारलं की, "चुगलखोराला विचार," म्हणून हसायच्या.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी भावाचा फोन आला. चहा घेऊन अंगणात आल्या होत्या, तिथेच कोसळल्या. दवाखान्यापर्यंत नेता आलं नाही.

मी गावी त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला गेले. गावच्या बुद्धविहारात पंचशील झालं, जेवणं झाली. धुळ्याहून जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या. एक पोलिसात होती, एक एसटीत कंडक्टर, दोघी-तिघी लेकुरवाळ्या. घड्याळ भावजयीच्या हातात होतं. "मी त्यात फकस्त टाइम पाहस," ती संकोचून मला म्हणाली. "बाकीनं माले काही समजत नही. पन घरमा पडू देवाले जीव व्हत नही." मी म्हटलं, घालत राहा वहिनी.

मग भाऊ मला विहारामागच्या मोकळ्या जागेकडे घेऊन गेले. अक्कांनी तिथे खो-खोचं मैदान आखून घेतलं होतं. दोन बाभळीचे खांब पुरलेले, मधल्या पट्टीवरची चुन्याची फक्की बरीचशी पुसली होती. "आता काय," भाऊ म्हणाले.

आम्ही उभे असतानाच मुली आल्या. सात-आठ जणी होत्या, शाळेच्या गणवेशातच. आमच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग पाहिलं नाही. एकीच्या हातात घमेलं होतं, त्यात चुलीची राख. ती वाकून मूठमूठ राख सोडत पुढे सरकू लागली.

"वाकडी जाई ऱ्हायनी!" दुसरी ओरडली.

"तू कर मंग!"

"दोरी धरा वं कोनी."

कुणीतरी ओढणी सोडली, दोघींनी दोन टोकं धरून ताणली. पहिलीने पायाने जुनी रेघ पुसली आणि ओढणीच्या कडेने पुन्हा राख सोडायला सुरुवात केली. माझ्या बसची वेळ होत आली होती. भाऊ चला म्हणाले. मागे वळून पाहिलं तेव्हा रेघ निम्म्यापर्यंत आली होती, बऱ्यापैकी सरळ, आणि दोघी जणी ती पुरी व्हायचीही वाट न पाहता खांबाकडे पळत सुटल्या होत्या.