नरडाण्याला न पोचलेले कट्टे

नरडाण्याच्या गोडाऊनची गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. कुणी विचारलंच तर 'प्रोग्राममध्ये बारीक दोष होता, काढला' एवढं सांगून मोकळा व्हायचो. दोष बारीकच होता. त्यापुढचं कधी सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. जळगावच्या एका डाळ मिलसाठी मी स्टॉकचा प्रोग्राम लिहिला होता. मिलचं दुसरं गोडाऊन नरडाण्याला होतं आणि ते नाना सांभाळायचे. एका तपासणीत तिथे डाळीचे कट्टे, म्हणजे पोती, कॉम्प्युटरमधल्या आकड्यापेक्षा बरेच कमी निघाले.

नानांचा फोन आला. "साहेब, जेवढा कट्टा उनात तेवढा आठेच शेतस. तुमनं मशीन एकडाव देखी ल्या ना."

"आले तेवढे सगळे तिथेच असतील, तर कमी कसे भरतात? मशीन चुकत नाही, नाना. गोडाऊनची किल्ली कुणाकुणाकडे असते ते बघा."

मिलच्या शेठनीही विचारलं, "प्रोग्राम एकदा तपासायचा का?"

"गरज नाही," मी म्हणालो. मी तो उघडूनही पाहिला नव्हता.

नानांना घरी बसवलं. गावात व्हायची ती चर्चा झाली.

पुढच्या तपासणीत नव्या माणसाकडेही कट्टे कमी भरले. शेठ म्हणाले, "आता हाही चोर का? तुम्ही या आणि बसा इथे."

मी जळगावच्या ऑफिसात क्लार्क प्रल्हादभाऊंच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. त्यांनी नरडाण्याला माल पाठवायचा स्क्रीन उघडला, कट्टे भरले, एंटर मारलं. स्क्रीनने गाडीचा नंबर विचारला. त्यांनी एस्केप दाबलं आणि चहा मागवला.

"हे काय केलंत?"

"गाडी कुठे आलीय अजून? ट्रान्सपोर्टवाला सांगतो एक, पाठवतो दुसरीच. काट्यावर लागल्याशिवाय नंबर लिहायचा नाही, ही आपली पद्धत. आली की पुन्हा भरतो."

"मग आधी भरता कशाला?"

"माल आहे की नाही ते लगेच दिसतं ना. तुमचाच प्रोग्राम, तुम्हालाच सांगू?"

माझा चहा तसाच राहिला.

प्रोग्राम काय करायचा ते सांगतो. टेबलातली एक ओळ उचलून तो मेमरीत तिचा ऑब्जेक्ट बनवायचा, त्यात बदल करायचा आणि ती परत टेबलात ठेवायचा. नरडाण्याची ओळ आधी वाढायची, कारण गेटपासवर तिथला लॉट नंबर लागे. मग गाडीचा नंबर विचारायचा आणि तो मिळाल्यावर जळगावची ओळ कमी व्हायची. अशा जोडीच्या नोंदी ट्रान्झॅक्शनमध्ये बांधतात. दोन्ही झाल्या तर पक्क्या, मध्ये काही अडलं तर दोन्ही रद्द. ती सोय माझ्या हाताशी होती. मी वापरली नव्हती. त्यामुळे प्रत्येक एस्केपला नरडाण्यात असे कट्टे चढायचे जे जळगावातून निघालेच नव्हते.

दुरुस्ती सोपी होती. आधी सगळे प्रश्न विचारायचे, मग दोन्ही नोंदी एका ट्रान्झॅक्शनमध्ये करायच्या. जुने वाढीव आकडे आम्ही गेटपासशी ताडून काढले. नानांचा हिशेब बरोबर जुळला.

शेठ स्वतः नानांच्या घरी गेले आणि त्यांना परत घेऊन आले. नरडाण्याला शेवभाजीचं जेवण झालं. मलाही बोलावलं होतं. हमाल, ड्रायव्हर, शेजारच्या गोडाऊनवाले, सगळे होते. नानांनी मला आपल्या शेजारी बसवून घेतलं.

"मी फोन कया आन् या साहेबनी लगेच मशीन देखं," ते सगळ्यांना सांगत होते. "म्हनीसन मनं नाव राह्यनं."

"नाना, तसं नाही..."

"खा हो साहेब. लाजतस काय?"

सगळे हसले. कुणीतरी माझ्या ताटात आणखी रस्सा वाढला. मीही हसलो आणि जेवलो. जेवण छान झालं होतं, हेही खरं.

पुढे नानांनी ते गोडाऊन निवृत्त होईपर्यंत सांभाळलं. त्या प्रकरणानंतर मी लिहिलेल्या प्रत्येक प्रोग्राममध्ये एक नियम पाळला: माणसाच्या उत्तरासाठी थांबायचं असेल, तर त्याआधी काहीही पक्कं करायचं नाही.

नाना आता नाहीत. त्या जेवणाच्या दिवशी नरडाण्याला जाताना एसटीत मी दोन वाक्यं जुळवली होती. नाना, तुम्ही सांगितलंत तेव्हा मी पाहिलं नाही. मला माफ करा.